न चिकटणारी जागा

परभणीला जिंतूर रोडवर सुकेशनीचं दुकान आहे. पाटीवर थोरल्या लेकीचं नाव, ‘संघप्रिया आर्ट्स’. पण त्या नावानं पत्ता विचाराल तर शेजारचा पंक्चरवालासुद्धा डोकं खाजवील. ‘रेडियमवाली’ म्हणा, हातातली ट्यूब टाकून तो तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतो. नंबर प्लेटी, जीपच्या काचेवरची नावं, ट्रॅक्टरच्या नाकावरचा वाघ, जे कुणाला गाडीवर लावावंसं वाटतं ते सगळं तिच्या हातून जातं. चिकट कागदाला आमच्याकडं सरसकट रेडियमच म्हणतात, मग तो चमको की न चमको.

पाथरीचे जीपवाले वाटेतली दोन दुकानं ओलांडून तिच्याकडं येतात, कारण तिच्या स्टिकरात फुगा सापडत नाही. त्याची युक्ती अशी की नवरा पंडित एक टोक धरतो, दुसरं ही धरते, आणि कागद दाबून बसवायची पट्टी फिरवायच्या आधी म्हणते, “ताणा.” कागद ताणला की सुरकुती पळते. संसारात नवऱ्याला तिनं सगळ्यात जास्त वेळा काय म्हटलं असेल तर हाच शब्द. पंडित बिचारा ताणतो आणि गप्प राहतो. गेल्या काही वर्षांत तिनं छपाईचं मशीनही घेतलं. मशीन नवं आलं, हात मात्र जुनेच राहिले, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

काम आलं ते तिच्या माहेराहून. पोखर्णीच्या रस्त्याला एक फाटा लागतो, तिथून आत गाव. गावातल्या विहाराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक फोटो आहे. छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला गेलेली गावातली माणसं परत आली, तेव्हा परभणीहून फोटोवाला बोलावून काढलेला. शाळेपुढं दोन ओळी, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि पुढं जमिनीवर पोरंसोरं. मूळ फोटो शाळेतल्या पाटीएवढा होता. काही वर्षांमागं गावानं वर्गणी करून तो दाराएवढा मोठा करून आडवा लावला. चेहरे ओळखू येण्याएवढे मोठे झाले, पण ओळखणार कोण? त्यातली माणसं एकेक करून गेली होती.

उरली होती एक पंचफुला. फोटोत पुढं जमिनीवर बसलेली, नेमकी त्या क्षणी हलल्यामुळं पुसट आलेली पोर ती तीच. तिची आई ठकूबाई दुसऱ्या ओळीत उजवीकडं उभी आहे. नागपूरहून आल्यावर वर्षाच्या आत ती गेली. आईचा दुसरा फोटो पंचफुलाकडं नाही, असायचं कारणही नाही. नवरा वारल्यावर ती माहेरीच येऊन राहिली, म्हणून सगळ्या गावाची ती आत्या. विहाराची किल्ली तिच्याच कमरेला असते. रोज सकाळी झाडलोट ती करते, फरशी ती पुसते.

विहार समितीचे अध्यक्ष सिद्धोधन गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले तरी खोडरबर अजून खिशात बाळगणारा माणूस. त्यांनीच ठरवलं की पंचफुला आहे तोवर प्रत्येकाच्या छातीवर त्याचं नाव येऊ द्यावं. पांढऱ्या कपड्यांवर निळी अक्षरं उठून दिसली असती. पण फोटोला हात लावायचा नाही आणि काचेवर गोंद लावायचा नाही, ही त्यांची अट. मागं कुणीतरी दुसऱ्या एका तसबिरीच्या काचेवर कसलंसं स्टिकर डकवलं होतं, त्याचा डाग अजून निघाला नव्हता. शिवाय चुकलं तर काढता आलं पाहिजे. म्हणून सुकेशनीनं बिनगोंदाची पारदर्शक फिल्म सुचवली. ती काचेवर नुसती ठेवली तरी आपोआप धरून बसते आणि सोलली की मागं काही उरत नाही.

“आणखी एक सांगतो, सुकेशनीबाई,” गुरुजी म्हणाले होते. “एका जरी नावाबद्दल शंका निघाली तर नावं लावायचीच न्हाईत. खोट्या नावापरीस बिननावाचा फोटो बरा.”

गुरुजींचं हे बोलणं सुगतसाठी होतं. सुगत समितीतला तरणा सभासद, बोलायला पुढं, कामालाही पुढं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की नागपूरला जाणाऱ्यांचा म्होरक्या त्याचा पणजोबा सटवाजी. म्होरक्या म्हटल्यावर तो पुढच्या ओळीत, मधोमध असणार. पंचफुलानं मात्र सटवाजीला मागच्या ओळीत शेवटी ढकललं होतं. तेव्हापासून सुगतच्या तोंडात एकच प्रश्न होता. एवढ्या म्हाताऱ्या बाईला दिसतं तरी का?

नावं सांगायच्या दिवशी सुकेशनी तिथं हजर होती. फोटोची तेवढीच मोठी प्रत फरशीवर अंथरलेली, गुरुजी पेन्सिल घेऊन वाकलेले, आणि पंचफुला भिंतीला टेकून डोळे मिटून सांगत होती. डावीकडून पहिला लिंबाजी, मग रखमाजी, मग त्याची बायको. सुकेशनीला वाटलं, म्हातारी आठवायलीय. डोळे मिटूनच आठवतात माणसं. त्यात तिला काही वावगं दिसलं नाही.

फिल्मनं मात्र पहिल्या दिवसापासून छळलं. वैशाख तापलेला, हवा कोरडी ठक्क. फिल्म कागदापासून सोलली की चटचट आवाज यायचा आणि दुकानातली सगळी धूळ, केस, सुताचे धागे उडून तिच्यावर बसायचे. वर शाई पडली की अक्षरात पांढरे ठिपके. ‘रखमाजी’ला देवी आल्यासारखं दिसत होतं. तिनं फिल्म स्पिरिटनं पुसली, फरशीवर पाणी मारलं, दाराला ओली गोणपाटं टांगली. ठिपके कमी झाले, गेले नाहीत. मशीनच्या लोखंडाला हात लावला की झिणझिणी यायची, ती का येते याचा विचार करता करता तिला मागच्या बाजूचा अर्थिंगचा खड्डा आठवला. उन्हाळ्यात त्यात कुणी पाणी टाकलंच नव्हतं, माती भेगाळून गेली होती. दोन घागरी ओतल्या, फिल्मवर साठणारी वीज जमिनीत उतरली, आणि ठिपके गेले. मग मशीनची शाई वाळवायची गरम पट्टी जास्त तापून फिल्मला लाटा आल्या. ती उष्णता कमी केली तर शाई वाळेना. शेवटी मशीन सावकाश चालवून, फिल्म पंख्याखाली दोरीवर वाळवून अक्षरं कोरीव निघाली. टेबलावर फोटोच्या प्रतीवर ठेवून बघितलं, एकेक नाव ज्याच्या त्याच्या छातीवर. सुकेशनी त्या दिवशी पोटभर जेवली.

बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी ती फिल्मची गुंडाळी घेऊन स्कूटीवर माहेरी गेली. विहारात पंचफुला एकटीच होती. सुकेशनीनं ओल्या फडक्यानं काच पुसली. पंडित आला नव्हता, म्हणून एक कड चिमट्यांनी धरली, दुसरी हातात घेतली आणि रोजच्यासारखी पट्टी फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेली.

मागं सरकून बघितलं. डावीकडची नावं बरोबर होती. मधल्यांची जराशी सरकली होती. आणि उजवीकडं तर नाव एकाचं, छाती दुसऱ्याची. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, त्यामुळं बोटभर सरकलं तरी माणूस बदलत होता. ठकूबाईचं नाव शेजारच्या किसनाबाईवर गेलं होतं. भरीत भर म्हणजे एका ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, फिल्म काचेला धरायलाच तयार नव्हती. दाबली की बसायची, बोट काढलं की फुगा उठायचा.

ती काही बोलायच्या आत पंचफुला जवळ आली. काचेला नाक लागेल इतकी. मान डावीकडून उजवीकडं फिरवली.

“आत्या, बघा बरं, नावं कशी आलीत,” सुकेशनी म्हणाली. मनात हेच, की आता बोलणी बसणार.

“बरोबर हाय की,” पंचफुला म्हणाली. “समदी ज्याच्या त्याच्या जागी हायेत. लय झाक केलंस, माय.”

सुकेशनीनं पुन्हा काचेकडं बघितलं. आईच्या छातीवर आईचं नाव नाही, ते दुसरीच्या छातीवर आहे, आणि ही म्हणते बरोबर. मग आधी सांगितलेलं चूक होतं का? की आता नीट बघितलं नाही? तिसरी गोष्ट तिच्या मनात आली, पण ती तिनं तिथंच दाबून टाकली. खरं सांगायचं तर ती घाबरली होती.

“आत्या, एका जागी नीट धरायलं न्हाई. मी दुपारी दुसरी करून आणते,” एवढंच ती बोलली. फिल्म सोलली, आणि या वेळी काच काना-कोपऱ्यासकट स्पिरिटनं लख्ख पुसून मगच निघाली.

दुकानात येऊन तिनं फिल्म पुन्हा प्रतीवर अंथरली. आणि बघते तर काय, सगळी नावं बरोबर. लिंबाजीपासून सटवाजीपर्यंत केसाचा फरक नाही. विहारात चूक आणि टेबलावर बरोबर. भूतबाधा म्हणावी तर आपण ती मानत नाही.

“मशीनच बिघडलंय,” पंडित म्हणाला.

“मशीन बिघडलं तर हितं बरोबर कसं येतंय?”

“मग गुंडाळीनं गेलं असंल वाकडं.”

यात तथ्य वाटलं. तिनं गरम पट्टी आणखी कमी करून नवी फिल्म छापली, वाळवली, प्रतीवर ताडून बघितली, आणि गुंडाळण्याऐवजी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून, पंडितच्या ओळखीच्या जीपमधून नेली. वाटेत पुठ्ठा मांडीवर धरला होता. उन्हानं जीपचा पत्रा नुसता भाजत होता. पण तिला चिंता उन्हाची नव्हती. आत्याला दिसत नसेल तर काय, हा विचार आता दाबला तरी वर येत होता, त्या फुग्यासारखा. दिसत नसेल तर सुगत बोलणार, सुगत बोलला की गुरुजी नावं रद्द करणार. मग आत्या गेल्यावर ती सगळी माणसं कायमची बिननावाची. एवढ्या लांब जाऊन, एवढं मोठं काही करून आलेली माणसं.

विहारात गुरुजी होते, आणि सुगतही होता. काच सकाळी पुसलेलीच होती, म्हणून तिनं कोरडं फडकं नुसतं झटकल्यासारखं फिरवलं. गुरुजींनी आपणहून एक कड धरली.

“ताणा, गुरुजी,” ती म्हणाली. गुरुजींनी इमानेइतबारे ताणली.

पट्टी फिरली, आणि पुन्हा तेच. किंबहुना सकाळपेक्षा वाईट. ठकूबाईचं नाव किसनाबाईच्याही पलीकडं निम्मं गेलं होतं. आणि तो रुपयाएवढा फुगा, त्याच जागी, पुन्हा.

सुगत पुढं आला. तो रागीट पोरगा नव्हता, पण संधी सोडणाराही नव्हता.

“ताई, सकाळी आत्या म्हणल्या म्हणं, समदं बरोबर हाय. मला वाटेत भेटल्या तवा सांगितलं. आता हे बघा. माझे पणजोबा तर चौकटीवर चढलेत. मग हे बरोबर, का गुरुजींनी लिहिलेलं बरोबर?”

गुरुजींचा हात खिशातल्या खोडरबराकडं गेला.

“आत्या,” सुगत आवाज खाली आणून म्हणाला, “राग नका मानू. ह्यात तुमच्या आईचं नाव कुठं हाय, तेवढं बोटानं दाखवा.”

पंचफुला उभी राहिली. तिनं पदराला हात पुसले. मग चौकटीच्या उजव्या कडेला तळहात लावला, तिथून एक वीत आत मोजली, बोट वर नेलं आणि काचेवर टेकवलं.

बोट नावावर नव्हतं. नावापासून पार अलीकडं होतं.

“तिथं नाव न्हाई, आत्या,” सुगत म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला. “गुरुजी, ह्यांना दिसत न्हाई.”

पंचफुलानं बोट उचललं नाही. मान खाली घातली, एवढंच. सुकेशनीला वाटलं, आपणच तिला चारचौघांत उघडं पाडलं. फिल्म नीट लागली असती तर कुणी काही विचारलंच नसतं. पण रडून फिल्म सरळ होणार नव्हती. तिनं नजर आत्याच्या तोंडावरून काढून तिच्या बोटावर ठेवली.

बोट फुग्यावर होतं. नेमकं त्या रुपयाएवढ्या जागेवर.

“आत्या, हात तसाच ठेवा,” ती म्हणाली. मग पुढं होऊन तिनं फिल्मची उजवी कड हळूच सोलली, बोटापर्यंत, आणि मग बोटाखालूनही. “गुरुजी, हिकडून बघा. दाराच्या उजेडात. तिरपं.”

तिरप्या उजेडात काच आरशासारखी चमकत होती. फक्त एका जागी तेलकट, मळकट ठसा होता. एकावर एक उमटलेल्या बोटांचा.

“सकाळी ही जागा मी स्पिरिटनं पुसून गेले व्हते,” सुकेशनी म्हणाली. “बिनगोंदाची फिल्म तेलावर धरत न्हाई. मी गेल्यावर विहारात आत्यांशिवाय कोण व्हतं? ह्या जागी त्यांनी बोट लावलंय. सकाळीबी हितंच फुगा व्हता, म्हणजे कालबी लावलं असंल, परवाबी.” मग सोबत आणलेली, गुरुजींनी पेन्सिलीनं नावं लिहिलेली प्रत उलगडून तिनं काचेशेजारी धरली. “आता बघा, बोटाखाली कोण हाय.”

गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला. बोटाखाली दुसऱ्या ओळीतली एक बाई होती, बारीक चणीची, पदर घट्ट ओढून घेतलेली. प्रतीवर तिच्या छातीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ठकूबाई.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग पंचफुलाच बोलली.

“रोज झाडून झालं की मायला हात लावते. फोटो मोठा केला तवापासून. तवा दिसायचं मला. मग कडंकडंनं अंधार यायला लागला. परभणीच्या डाक्टरनं सांगितलं, काचबिंदू हाय, गेलं ते गेलं. पण हाताला जागा ठावं झाली व्हती.”

“मग सांगायचं न्हाई का, आत्या?” गुरुजी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुमी नावं घेतली असती का माझ्याकडून?”

‘घेतली असती’ असं खोटं गुरुजींनी सांगितलं नाही.

“आन्‌ सुके,” पंचफुला तिच्याकडं तोंड करून म्हणाली, “सकाळी तू इचारलंस, मी हो म्हणले. तुझ्या हातचं काम चुकंल असं मला वाटलंच न्हाई.”

सुगतनं घसा खाकरला. “आईची जागा आत्याला ठावं हाय, मान्य. पण बाकीच्यांचं काय? ते तर हाताला ठावं न्हाईत.”

प्रश्न रास्त होता, आणि सुकेशनीला त्याचा राग आला तो रास्त होता म्हणूनच. तिनं सगळी फिल्म सोलून काढली आणि विहाराच्या गार शहाबादी फरशीवर अंथरून दिली. समोर आता नुसता फोटो होता, एकही अक्षर नसलेला.

“आत्याला दिसत न्हाई, पण मला दिसतंय,” ती म्हणाली. “मी वळीचा क्रम सोडून मधूनच कुणाचंबी वर्णन करते. आत्या सांगतील कोण ते. गुरुजी, तुमी प्रतीवर ताडून बघा. एक जरी चुकलं तर मी फिल्म घेऊन परत जाते.”

असं ती बोलून गेली खरी. म्हातारी एका जागी चुकली की संपलं. पण तोंडातून शब्द गेला होता.

“पुढच्या वळीत एकजण बसलाय. मिशा मोठ्या, आन्‌ एकाच पायात जोडा हाय.”

“रखमाजी,” पंचफुला लगेच म्हणाली. “दुसरा जोडा गर्दीत गेला. एक पायतान घेऊन आला घरापर्यंत. टाकवंना त्याच्याच्यानं.”

गुरुजींनी मान हलवली.

“एक बाई. कपाळ रुंद, डोळे मिटलेत.”

“लिंबाजीची बायको. तिला वाटलं फोटोवाल्याच्या डब्यातून जाळ निघतो.”

गुरुजी हसले, आणि पुन्हा मान हलवली. असं करत करत सुकेशनी सगळ्या फोटोवरून फिरली. कुठं पंचफुला लगेच बोलायची, कुठं थांबायची. एकदा तर तिनं ‘आणखी सांग, कानात काय हाय’ असं विचारलं, आणि भिकबाळी म्हटल्यावर नाव घेतलं. ते बरोबर निघालं. शेवटचा एक उरला. सुगत भिंतीचं टेकणं सोडून सरळ झाला.

“मागच्या वळीत, अगदी कडंला,” सुकेशनी म्हणाली. “उंच हाय. खांद्यावर लेकरू हाय. लेकरू रडायलंय.”

“तो सटवाजी,” पंचफुला म्हणाली. “लेकरू त्याचं न्हाई, किसनाबाईचं. तिला वाटंत ताप भरला, तर जाताना-येताना त्यानंच वागवलं. फोटोवाला म्हणाला, तुमी म्होरके, मधी बसा. तर म्हणतो कसा, खाली बसलो की हे पोरगं भोकाड पसरतं, मी उभाच ऱ्हातो. त्याच्या डाव्या हाताची करंगळी बघ. न्हाई ती. उसाच्या चरकात गेली.”

सुगत काचेजवळ गेला. मोबाईलचा दिवा लावला. लेकराच्या पायावर धरलेला सटवाजीचा डावा हात बघत तो इतका वेळ उभा राहिला की गुरुजींना विचारावं लागलं.

“न्हाई करंगळी,” तो म्हणाला. दिवा बंद केला. “घरी हे कुणी सांगितलं न्हाई मला.”

पंचफुलानं चाचपत त्याचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला. गुरुजींनी प्रत घडी करून काखेत धरली आणि म्हणाले, “लावा नावं.”

लावायची म्हणजे कशी? फिल्म तर अजून वैरीच होती. सुकेशनी फरशीवर वाकली. प्रत गुरुजींच्या काखेतून परत घेऊन फिल्मखाली सरकवली, आणि बघते तर नावं पुन्हा बरोबर. मघा काचेवर किसनाबाईला ओलांडून गेलेली ठकूबाई गार फरशीवर गुमान आपल्या जागी परत आली होती.

“गुरुजी, जरा ही कड धरा,” ती म्हणाली. “ताणा.”

आणि स्वतःचाच शब्द तिच्या कानावर पडला.

तिनं गुरुजींच्या हाताकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं. दोघं दोन टोकांना ओढत होते आणि मध्ये मऊ फिल्म रबरासारखी लांबत होती. उन्हात तापलेली, बिनगोंदाची, लोण्यासारखी फिल्म. सोडली की सावकाश आपल्या मापाला परत यायची, म्हणून टेबलावर कधी चूक दिसलीच नाही. गरम पट्टीला बोल लावला, मशीनला लावला, गुंडाळीला लावला. नाचता येईना अंगण वाकडं. रेडियम ताणून लावायची खोड, तीही जित्याची, मेल्याशिवाय कुठली जाते.

ती फरशीवर बसूनच हसायला लागली. बाकी तिघांना काही कळेना.

“ताणू नका, गुरुजी,” ती म्हणाली. “नुसती धरा. पाहुण्याला द्यायची भरली वाटी धरतात तशी.”

काचेवर पाण्याचा बारीक फवारा मारला. फिल्म ओढली नाही, नुसती टेकवली. मधून सुरुवात केली आणि पट्टी दोन्हीकडं हलक्या हातानं नेली. हात सारखा ओढायला जायचा, आणि ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालून आवरायची. पाणी निथळलं, आणि नावं जागेवर बसली. लिंबाजी लिंबाजीवर, सटवाजी सटवाजीवर. सुगतनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं, आणि प्रत्येक नावाला पंचफुला ‘हाय’ म्हणाली, शाळेत हजेरी द्यावी तशी.

फक्त ठकूबाईच्या तोंडावर तो फुगा होता. सुकेशनीनं सवयीनं स्पिरिटची बाटली उचलली, बूच काढलं, आणि थांबली. मग बाटली खाली ठेवून तिनं खिशातला कटर घेतला. काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून श्वास रोखून, तो फुगा गोल कापून काढला. खाली छातीवर ठकूबाईचं नाव तसंच राहिलं, तोंडावर मात्र आता उघडी काच होती.

पंचफुलाचा हात चौकटीला लागला, तिथून वीतभर आत आला, आणि त्या गोलात बसला.

“हे भोक कशाला ठेवलं, बाई?” गुरुजी म्हणाले. “परत स्पिरिट लावून पुसलं असतं तर बसलं असतं की.”

“न्हाई, गुरुजी,” सुकेशनी म्हणाली. “तिथं चिकटत न्हाई.”

गुरुजींनी पंचफुलाच्या हाताकडं बघितलं आणि मान हलवली.

आता दर पौर्णिमेला सुकेशनी माहेरी जाते आणि विहारातली काच पुसते. सगळी पुसते, तेवढी जागा सोडून.